श्वास रोखा, मतदान चालू आहे

मास्तरांच्या यकृतात गाठ परत आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना.

तसा त्यांनी तो लपवायचा प्रयत्न केला. जिभेने च् च् केलं, चष्मा काढून पुसला. पण पडद्यावर ती गाठ दिसली आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जसा मुलीच्या बापाचा चांगल्या स्थळाचा फोटो बघून खुलावा. "वा," ते म्हणाले. "जागा काय निवडलीय."

"आम्ही नाही निवडली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणजे जन्मभर जलतरण तलावाच्या काठावर उभं राहून लोकांना पोहायला शिकवलेला माणूस. पाण्यात पडलेल्याने आधी घाबरायचं नाही, हे त्यांनी इतक्यांना सांगितलं होतं, की आता स्वतः घाबरायची सोयच राहिली नव्हती. शिवाय गाठीशी त्यांची जुनी ओळख. पहिल्या वेळी पोट उघडून यकृताचा चांगला मोठा तुकडा कापून काढला. गाठ गेली म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं, तर बाईसाहेब शेजारच्या खोलीत बिऱ्हाड करून बसल्या. मग सुई आली. पोट फाडायचं नाही, बरगड्यांमधून एक लांब सुई थेट गाठीत घालायची, सुईचं टोक तापवायचं आणि गाठ जागच्या जागी शिजवून टाकायची. दुसऱ्या दिवशी घरी. मास्तरांची थोरली बहीण भेटायला आली, तिने छातीवरची पट्टी उचलून बघितली आणि तिचा विरसच झाला. "एवढंच? अरे, याच्यापेक्षा डास मोठं भोक पाडतो. मी रजा काढून आले."

सुईने गाठ मेली. मग आणखी एक आली, तीही सुईनेच मेली. आता ही.

सुईचं काम करायच्या त्या सुईवाल्या डॉक्टरबाई. वयाने धाकट्या, बोलायला कमी, पण विचारलं तर सरळ उत्तर द्यायच्या, म्हणून मास्तरीणबाईंचा त्यांच्यावर जीव. त्यांनी मोठ्या साहेबांच्या देखतच सांगितलं, "आत्ता द्राक्षाएवढी आहे. छोट्या लिंबाएवढी होईपर्यंत सुईला झेपतं. त्यापुढे मधली मरते आणि कडेची जगते. आणि पुन्हा कापायचं म्हटलं तर उरलेलं यकृत पुरणार नाही. तेव्हा लवकर करू."

"करू की," मोठे साहेब म्हणाले. "परिषदेत करू."

मग उलगडा झाला. सुई तापवायचं जुनं यंत्र बंद पडलं होतं. नवं यंत्र कंपनी आणून देणार होती, पण फुकटात नाही. साहेबांनी भरवलेल्या मोठ्या परिषदेत, सभागृहभर डॉक्टरांसमोर, ते यंत्र चालवून दाखवायचं होतं. पेशंट इथे आत, डॉक्टर मंडळी तिथे सभागृहात, मधे कॅमेरा. सगळं थेट.

"आणि परिषद कधी?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पुढच्या महिन्याच्या शेवटी. गाठ तोवर थांबेल."

"तिला कळवलंय का?"

मोठे साहेब हसले. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्या पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसायच्या. नळ कोरडे का, याची उत्तरं त्यांनी स्वतःच इतकी दिली होती, की समोरचा माणूस टोलवतोय हे त्यांना वासावरून कळायचं.

"दुसरीकडे जातो आम्ही," त्या म्हणाल्या.

"जा ना. पण जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट, नवा डॉक्टर, नवी रांग. तोवर द्राक्षाचं काय होईल ते बघा."

अडला हरी म्हणतात तो असा. सुईवाल्या डॉक्टरबाई खाली मान घालून जोड्यांकडे बघत होत्या. त्यांनी हळूच सांगितलं, "बाकी ठिकाणी यंत्र आहे, पण रांग याहून लांब आहे. मी विचारून बघितलंय."

आणि तरी साहेबांचं समाधान होईना. म्हणाले, गाठ यकृताच्या अगदी माथ्यावर आहे, वर फुप्फुस टेकलंय. श्वास घेतला की यकृत खाली सरकतं, सोडला की वर जातं. सुई पुढे ढकलताना दर वेळी तेवढाच श्वास घेऊन रोखून धरायचा, नाहीतर सुई गाठीऐवजी फुप्फुसात. "पेशंट लोकांना जमत नाही हो. आत गेले की भांबावतात."

"किती वेळ रोखायचा?" मास्तरांनी विचारलं.

"दाखवा बघू."

मास्तरांनी श्वास घेतला आणि रोखला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब बोलले. परिषदेच्या जेवणावरून कुणाला तरी झापलं, पाहुण्यांच्या हॉटेलवरून कुणाची तरी समजूत घातली, फोन ठेवला, आणि बघतात तर मास्तर अजून तसेच, गालावरची माशीही न हलवता बसलेले.

"आदर्श केस," मोठे साहेब पुटपुटले. त्या क्षणी मास्तर माणूस राहिले नाहीत, कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ झाले.

त्या महिन्यात मास्तरीणबाईंनी द्राक्षं घरात आणायची बंद केली. फळवाल्याकडे लिंबं दिसली तरी त्या रस्ता बदलायच्या. मास्तर मात्र तलावाच्या कठड्यावर जाऊन बसत, शिकाऊ पोरांचे पाय कसे चुकतात ते बघत, आणि रात्री बायकोला म्हणत, "अगं, वाढतेय की काय असं सारखं आतून वाटतं."

"आतून काही कळत नसतं. झोपा."

"मग तू का जागी?"

"मी रागावलेय. रागावलेल्या माणसाला झोप येत नाही."

परिषदेच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. मास्तरांना विश्रांती हवी म्हणून त्यांच्याऐवजी टेबलावर उशी ठेवली. उशीला कॅमेरा दाखवला, उशीला माईक लावला, उशीला साहेबांनी "घाबरू नका" असंही सांगितलं. तालीम सुरेख झाली. उशीने फारच चांगलं सहकार्य केलं, असं कॅमेरावाला म्हणाला.

त्याच दिवशी नवा स्कॅनही काढला होता. डॉक्टरबाई खोलीत येऊन खुर्ची ओढून बसल्या. "वाढलीय," त्या म्हणाल्या. "पण अजून लिंबू नाही. उद्या झालं तर होईल. मी वाट ठरवलीय, खालून तिरकी. लांब पडते, पण फुप्फुस वाचतं. तुम्ही फक्त माझा आवाज ऐका."

"दुसऱ्या कुणाचे आवाज असणार आहेत का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना जो कोरा करकरीत अंगरखा दिला, त्याच्या छातीवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. मास्तरांनी तो घातला आणि कबड्डीपटू असल्यासारख्या मांड्या थोपटून दाखवल्या. मास्तरीणबाईंच्या गळ्यात एका हसऱ्या मुलीने प्रतिनिधी असं लिहिलेलं कार्ड अडकवलं. "नातेवाइकांची सोय सभागृहात केलीय मॅडम. पुढून तिसरी रांग. कॉफी आहे, केक आहे."

"माझ्या नवऱ्याच्या पोटात सुई जाताना मी केक खाऊ?"

"शुगर-फ्रीसुद्धा आहे, मॅडम."

आत खोली थंडगार. मधे स्कॅनच्या यंत्राचं मोठं कडं, कड्यातून आतबाहेर सरकणारं अरुंद टेबल, टेबलावर मास्तर. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत मोठे साहेब, कानाला यंत्र लावून. भिंतीवर एक स्पीकर. डॉक्टरबाईंच्या गळपट्टीला माईक, आणि मास्तरांची उजवी बाजू धुऊन, पुसून, बधिर करून तयार. सुई गाठीत बसेपर्यंत मास्तरांना जागं ठेवायचं होतं, श्वासासाठी. नंतर गाठ तापवायच्या वेळी झोपेचं औषध. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं असलं, तरी इथे ते कळू नये अशी व्यवस्था होती.

पहिला टप्पा छान झाला. "घ्या... बास. रोखा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मास्तरांनी रोखला. सुई दोन बोटं आत गेली. "सोडा." टेबल कड्यात गेलं, स्कॅन झाला, टेबल बाहेर आलं. सुई ठरल्या जागी होती.

मग स्पीकर खरखरला.

"नमस्कार, सभागृहातून मी सूत्रसंचालक बोलतोय. अप्रतिम चित्र दिसतंय. डॉक्टर, पुढची पायरी घ्या."

"घ्या... बास. रोखा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मास्तरांनी रोखला.

"एकच मिनिट, डॉक्टर," स्पीकर म्हणाला. "आपल्यात आत्ताच एक सन्माननीय पाहुणे आले आहेत. त्यांचं स्वागत करून घेऊ."

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी विमान उशिरा सुटल्याचं सांगितलं. विमान वेळेवर का सुटलं नाही, तेही सांगितलं. डॉक्टरबाईंनी हात सुईवरून काढला. "सोडा, मास्तर. सोडा."

मास्तरांनी सोडला. तोच स्पीकर म्हणाला, "पेशंटने श्वास घ्यावा आणि रोखावा."

चित्र सभागृहात पोचायला वेळ लागत होता. त्यामुळे तिथल्या सूचना इथे वरातीमागून घोड्यासारख्या येत होत्या. मास्तरांनी श्वास सोडला की रोखा, रोखला की सोडा. तलावात कुणी असं शिकवलं असतं तर मास्तरांनी त्याला कपड्यांसकट पाण्यात ढकललं असतं.

"आवाज बंद करता येईल का, सर?" डॉक्टरबाईंनी काचेकडे बघून विचारलं.

साहेबांनी काचेआडून हात हलवला. म्हणजे नाही.

"आता आपण सगळ्यांना यात सामील करून घेऊ," स्पीकर उत्साहात आला. "पडद्यावर सुईसाठी तीन वाटा दिसताहेत. अ, ब, क. आपापल्या मोबाईलवर मत द्या. पेशंटने तोवर श्वास रोखून धरावा, त्यांचा दम फार मोठा आहे असं आम्हाला साहेबांनी सांगितलंय."

पुन्हा टाळ्या. मास्तर छताकडे बघत होते. छताला एक पाण्याचा डाग होता. त्यांच्या बरगड्यांमधून एक सुई उभी होती, श्वासाबरोबर डुलत. बाहेर कुणीतरी त्यांच्या यकृतावर मत देत होतं आणि बहुतेक दुसऱ्या हातात केक होता.

स्पीकरमधून गमतीशीर वाद्यं वाजली. निकाल लागला. "ब. प्रचंड बहुमताने ब."

"ब सरळ फुप्फुसातून जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पण सगळ्यात जवळची आहे," स्पीकर म्हणाला.

"जवळची आहे. फुप्फुसातून."

"इंटरेस्टिंग. चर्चा करू या. साहेब, आपलं मत?"

काचेपलीकडून मोठ्या साहेबांचा आवाज आला, पोक्त, सावध. "हे बघा, तुमची वाट सुरक्षित आहे, मान्य. पण सभागृहाचा कौल असा आहे. थोडंसं ब कडे झुकून, त्यांचाही मान राखून..."

मास्तरांच्या आयुष्यात राग फार कमी वेळा आला होता. बायको तो खात्यातून भरपूर आणायची, त्यामुळे घरात वेगळा लागत नसे. पण आता तो आला, आणि छातीत सुई असल्यामुळे त्याला हलायला जागा नव्हती. हात बांधलेले, पाय बांधलेले. तोंड उघडायची परवानगी नव्हती. जगात एकच गोष्ट त्यांच्या ताब्यात होती, आणि ती नेमकी सगळ्यांना हवी होती.

"घ्या... बास. रोखा, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. 

"नाही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"नाही रोखत."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मास्तरांनी नाक मोकळं सोडून सगळ्यांची तोंडं उघडी पाडली. ते आरामात श्वास घेत राहिले, आत, बाहेर, आत, बाहेर. यकृत खाली, वर. पडद्यावर गाठ लाटेवरच्या बुचासारखी नाचू लागली.

"काय झालं? चित्र हलतंय," स्पीकर म्हणाला.

"पेशंट सहकार्य करत नाहीये," साहेब म्हणाले. "मास्तर, असं करू नका. तुमच्याच भल्याचं आहे."

"सगळे गप्प बसेपर्यंत मी श्वास रोखणार नाही," मास्तर शांतपणे म्हणाले, डॉक्टरबाईंच्या गळपट्टीवरच्या माईकच्या दिशेने. "या डॉक्टरबाईंनी सांगितलं तर रोखीन. त्या एकट्या असल्या तर. तुम्ही मतं मोजत बसा."

सभागृहात कुजबुज झाली असावी, कारण स्पीकरमधून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज आला. सूत्रसंचालक म्हणाला, "पेशंट घाबरलेले दिसतात. तिसऱ्या रांगेतून कुणाचा तरी हात वर आहे. मॅडम, माईक घ्या. आपण कोणत्या संस्थेतून?"

"घरातून," स्पीकर म्हणाला, आणि मास्तरांनी डोळे मिटले, कारण तो आवाज ते झोपेतही ओळखत. "अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय."

"दुखतंय का?"

"दुखत नाही. वैताग आलाय."

"इथे तुमचं यकृत भिंतीएवढं दाखवताहेत. माझ्या बाजूचा मघाशी म्हणाला, ब ला मत द्या, बहुमतात असलेल्यांना बक्षीस आहे. मी त्याला विचारलं, बाबा, ही वाट कुठून जाते, तर म्हणतो मी दातांचा डॉक्टर आहे, मी जेवायला आलोय."

"मॅडम, प्रश्न थोडक्यात," सूत्रसंचालक म्हणाला.

"थोडक्यातच आहे. एक महिना तुमच्या या जत्रेसाठी गाठ वाढू दिली. आता ती आणि सुई समोरासमोर आल्यावर तुम्ही पाहुण्यांचं विमान ऐकवता. उंटावरून शेळ्या हाकायला तुम्हाला माझाच नवरा मिळाला? अहो, तुम्ही अजिबात रोखू नका. मी यांची वायर शोधते."

"मॅडम, ती वायर..."

खर्रर्र झालं आणि स्पीकर मेला.

एवढी शांतता त्या खोलीत सकाळपासून झाली नव्हती. मोठे साहेब काचेपलीकडे उभे राहिले होते, तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. डॉक्टरबाईंनी गळपट्टीवरचा माईक काढला आणि सिस्टरच्या हातात दिला. "हा बाहेर घेऊन जा. आणि सरांना सांग, दार लावून घेतलंय."

सिस्टर गेली. दार लागलं.

"मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधीच हे करायला हवं होतं मी."

"ते नंतर. आता सांगा."

"खालून तिरकी. माझीच वाट. घ्या... बास. रोखा."

मास्तरांनी रोखला. असा रोखला, की तलावाच्या तळाशी बसल्यासारखं सगळं हिरवं आणि स्थिर झालं. सुई पुढे गेली. "सोडा." कडं, स्कॅन, बाहेर. "अजून थोडं. घ्या. रोखा." एकदा सुई किंचित वर गेली. डॉक्टरबाईंनी ती मागे ओढली, घाई केली नाही, पुन्हा सांगितलं, मास्तरांनी पुन्हा तेवढाच श्वास घेतला. शेवटच्या स्कॅनमध्ये सुईचं टोक गाठीच्या मधोमध होतं, आणि वर फुप्फुस आपल्या जागी, कुणी धक्का न लावलेलं.

"बसली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता झोपा. तापवताना श्वास कसाही घ्या."

"कसाही?"

"तुमचाच आहे."

मास्तर जागे झाले तेव्हा दुसऱ्या खोलीत होते. उजव्या खांद्यात कळ येत होती, पोटात जड जड वाटत होतं, बरगडीवर एक छोटी पट्टी. डॉक्टरबाई पलंगाशी उभ्या होत्या. टोपी काढलेली, केस कपाळाला चिकटलेले.

"झाली?"

"झाली. नंतरचा स्कॅन बघितलाय. गाठ पूर्ण शिजलीय, कडेनेही थोडं जास्त मारलंय. महिन्याने पुन्हा बघू. उगवणारच नाही असं मी सांगणार नाही."

"सांगू नका. उगवली तर येऊ."

"यंत्र आता इथेच राहणार आहे. मी राहीन की नाही, माहीत नाही. सरांनी उद्या बोलावलंय."

"आम्ही येतो बरोबर," दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात अजून ते कार्ड होतं. सुरक्षारक्षकाने त्यांना सभागृहाबाहेर काढलं होतं, पण कार्डामुळे अत्यंत आदराने काढलं होतं. "मला तक्रार खिडकीच्या अलीकडे उभं राहून कधी बघायला मिळालेलं नाही. बघू कसं वाटतं."

डॉक्टरबाई हसल्या आणि गेल्या. मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या, नवऱ्याच्या पायावरची चादर विनाकारण सारखी केली, आणि मग त्यांना पुन्हा राग चढला.

"तुम्हाला खरी गंमत सांगू? वायर निघाल्यावर पडदा काळा. लोक घड्याळं बघायला लागले. तेवढ्यात मोठे साहेब धावत आले, सूत्रसंचालकाच्या कानाला लागले, आणि पडद्यावर पुन्हा यकृत. कुठलीतरी जुनी फिल्म. दुसऱ्याच कुणाचं तरी. सुई गेली, गाठ पांढरी पडली, खाली अक्षरं आली, यशस्वी. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दातवालासुद्धा. साहेबांना पुष्पगुच्छ दिला. मी मागून ओरडतेय, अरे हे यकृत आमचं नाही. कोणी मान वळवेल तर शपथ."

मास्तरांनी मान वळवली.

"त्याचं काय झालं मग?"

"कुणाचं? साहेबांचं?"

"नाही गं. ज्याचं यकृत दाखवलं, त्याचं. तो बरा झाला का?"

मास्तरीणबाईंनी गळ्यातलं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

"कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. मग उठल्या, गळ्यातलं कार्ड नीट समोर केलं, पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या.

"कुठे चाललीस?"

"विचारून येते. केक अजून संपला नसेल, म्हणजे असतील सगळे तिथेच."